तुराट्यांच्या जाळावर

मा. संपादक,
हिवाळ्यात आमच्याकडे तुरीच्या शेंगा उकडतात, त्याही तुराट्यांच्याच जाळावर. म्हणून प्राचीन चिनी कवी त्साओ झीची कविता मला परकी वाटली नाही. इ.स. 220 मध्ये सम्राट झालेल्या त्साओ पीने धाकट्या भावाला, म्हणजे त्साओ झीला, फर्मावले, सात पावलांत कविता रच, नाहीतर मर, अशी कथा आहे. खाली देठ जळतात, वर दाणे रडतात: एकाच मुळाचे आपण, मग मला शिजवायची एवढी घाई का? कविता त्याचीच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. माझ्या लेखी त्याने काही उणावत नाही. काटोलच्या संत्राबागेवरून थोरला भाऊ अकरा वर्षे माझ्याशी बोलला नव्हता. संक्रांतीला ही कविता त्याला फोनवर वाचून दाखवली. दादा म्हणाला, "पुन्हा वाच."

- एक वाचक, महाल, नागपूर