अनघाच्या लशीविषयी माधवला पत्र

सोलापूर,
दि. १८ जानेवारी २०२६

प्रिय माधव,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. अनघाने युगांडातल्या कंपालाच्या रुग्णालयात मंकीपॉक्सच्या लशीचे दोन्ही डोस घेतले हे वाचून बरे वाटले. पण सोबतच्या कात्रणावर पेन्सिलीने तू जे लिहिले आहेस, ‘प्रतिपिंडेच (रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिने) फारशी तयार होत नसतील, तर पोरीने लस घेतली काय आणि न घेतली काय’, ते काही मनातून जाईना. मी तीस वर्षे प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या केल्या म्हणून तू मला विचारलेस, तेव्हा उत्तरही घाईने देणे बरे नव्हे.

कात्रणातली बातमी खोटी नाही. ज्यांना लहानपणी देवी टोचलेल्या नाहीत, अशा लोकांना एमव्हीए-बीएन लशीचे (अनघाने घेतली तीच, देवीच्या लशीचा विषाणू अशक्त करून बनवलेली) दोन डोस दिल्यावरही मंकीपॉक्सच्या विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात थोडीच सापडतात, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०२३ साली दाखवले, आणि जी तयार होतात तीही पुढच्या काही महिन्यांत उतरत जातात. मात्र हे ‘थोडीच’ कोणत्या चाचणीतले, हे बातमीत आलेले नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

मी आयुष्यभर केली ती एलायझा. ९६ खळग्यांची प्लेट असते, खळग्यांच्या तळाशी विषाणूची प्रथिने बसवलेली असतात, त्यांवर रक्तद्रव घालायचा, धुवायचा, आणि शेवटी जो पिवळा रंग उमटतो त्याची गडदता यंत्रावर मोजायची. त्या प्रथिनांना चिकटणारे प्रत्येक प्रतिपिंड या रंगात मोजले जाते, मग ते विषाणूला रोखणारे असो वा नसो. दुसरी चाचणी कष्टाची आहे. तीत रक्तद्रव वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट असा पातळ करत जातात, प्रत्येक पायरीत जिवंत विषाणू मिसळून ते मिश्रण पेशींच्या थरावर सोडतात, आणि काही दिवसांनी विषाणूने पेशी मारून त्या थराला पाडलेली भोके मोजतात. किती पातळ केल्यावरही भोके निम्म्याने कमी पडतात, तो आकडा निकाल म्हणून लिहितात. नेदरलँड्समध्ये कमी आढळले ते या दुसऱ्या चाचणीत. पण शरीरात हा विषाणू दोन रूपांत वावरतो. एक साध्या वेष्टनाचे, आणि दुसरे वर आणखी एक पदर ओढून रक्तातून दूरवर जाणारे. नेहमीच्या चाचणीत मुख्यतः पहिलेच पकडले जाते. शिवाय लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या टी-पेशींचे काम आणि पेशींत मुरलेली स्मृती या दोन्ही गोष्टी त्या भोकांच्या मोजणीत येतच नाहीत.

हेपटायटिस बीच्या लशीनंतर परिचारिका आमच्याकडे रक्त द्यायला येत, आणि आकडा दहाच्या वर आला की आम्ही निर्धास्तपणे ‘संरक्षण आहे’ असे लिहून देत असू. मंकीपॉक्ससाठी अशी रेषा अजून कोणी आखलेली नाही. म्हणून आकडा लहान दिसला, एवढ्यावरून संरक्षण नाही असे म्हणता येत नाही. २०२२ च्या साथीत अमेरिकेत प्रत्यक्ष रुग्णांवरून जे हिशेब झाले, त्यांत एका डोसने ३६ ते ७५ टक्के आणि दोन डोसांनी ६६ ते ८९ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. प्रतिपिंडे तिथेही थोडीच होती. मात्र ती साथ दुसऱ्या क्लेडची (म्हणजे विषाणूच्या दुसऱ्या वंशशाखेची), रुग्णही बहुतेक प्रौढ पुरुष. युगांडात २०२४ पासून पसरला तो क्लेड वन-बी, म्हणून ते आकडे जसेच्या तसे अनघाला लावावेत असे मी म्हणणार नाही.

आता तुझ्या पत्रातला दुसरा भाग, की जिथे रोग फिरतो आहे तिथल्याच लोकांचे रक्त तपासून सोक्षमोक्ष का लावत नाहीत. माधव, तिथे तर रक्त वाचणे अधिकच अवघड. तुझ्या-माझ्या डाव्या दंडावर देवी डॉक्टरने टोचल्याचा रुपयाएवढा, मधे सुरकुतलेला वण आहे. अनघाचा दंड कोरा आहे, कारण देवीचा रोग जगातून गेला आणि १९८० च्या सुमारास आपल्याकडे टोचणे थांबले. काँगोतही तसेच झाले. १९७० साली माणसातला पहिला मंकीपॉक्स ज्या देशात नऊ महिन्यांच्या बाळात सापडला, त्याच देशात आज वण असलेले म्हातारे आणि वण नसलेली पोरे एकाच घरात राहतात. तिथल्या त्शुआपा प्रांतात आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस देऊन त्यांचे रक्त तपासले, तेव्हा लस देण्यापूर्वीच कित्येकांत प्रतिपिंडे होती. जुनी देवीची लस घेतलेल्याला एक डोसदेखील मोठी उसळी देतो, आणि कोऱ्या दंडाला दोन्ही डोस लागतात. शिवाय एखाद्याला नकळत सौम्य लागण होऊन गेलेली असते, तीही त्याच पिवळ्या रंगात दिसते. हे वेगळे काढण्यासाठी मंकीपॉक्सच्या विषाणूत आहे पण लशीच्या विषाणूत नाही, असे प्रथिन शोधून प्लेटमध्ये बसवावे लागते.

हे आफ्रिकेपुरतेच आहे असे समजू नकोस. आपल्याच जिल्ह्यात कासेगावला म्हशींच्या सडांवर फोड उठले आणि धारा काढणाऱ्यांच्या हातांवरही तसेच आले होते, ते तुला आठवत असेल. तो म्हशींच्या देवीचा विषाणू देवीच्या लशीच्या विषाणूचाच भाऊबंद. तिथल्या एखाद्या गवळ्याच्या रक्ताने एलायझाची प्लेट पिवळी झाली, तर त्याने मंकीपॉक्सची लस घेतली असे कोण म्हणेल?

लशीविषयी एक राहिले. तिच्यातला विषाणू कोंबडीच्या गर्भपेशींत पाचशे सत्तरहून अधिक वेळा वाढवून इतका अशक्त केलेला आहे की माणसाच्या शरीरात तो वाढतच नाही. म्हणून अनघाच्या दंडावर ना खपली धरली, ना वण उमटणार. एचआयव्ही असलेल्यांनाही ही लस देता येते ती याच कारणाने, आणि प्रतिपिंडे जुन्या लशीइतकी जोमाने उभी राहत नाहीत त्याचेही हे एक कारण. हा सौदा मला पटतो. न पटणारी गोष्ट वेगळी आहे. काँगोत या रोगाने दगावणाऱ्यांत सर्वाधिक लहान मुले आहेत, आणि लस आधी तयार झाली ती मोठ्यांसाठी. अगदी लहानांना देता येते ती जपानची एलसी-१६, तीही जुन्या दुतोंडी सुईने टोचायची. माझी आई देवी आलेल्या घराच्या दारावरचा कडुलिंबाचा डहाळा आठवून आजही गप्प होते. त्या दारांपुढे उभे राहिल्यासारखे वाटते मला हे आकडे वाचताना.

अनघाला सांग, रक्त तपासून आकडा काढत बसू नकोस. फोड आलेल्या रुग्णाजवळ जाताना हातमोजे आणि अंगरखा चुकवू नकोस, त्याच्या चादरी झटकू नकोस, आणि स्वतःला ताप येऊन पुरळ दिसले तर लस घेतली आहे म्हणून ते अंगावर काढू नकोस. तिच्या लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मला पाठव. दोन डोसांमध्ये अठ्ठावीस दिवस होते ना, तेवढे पाहायचे आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता