न्यूरो वॉर्डातल्या रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

ग्राइंडरचं पातं फुटून त्याचा तुकडा डाव्या कानशिलातून कवटीत घुसलेला आमचा दादा तुम्हाला आठवत असेल. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे आभार आम्ही समक्ष मानले. तुमचे मानायचे राहिले, कारण डिस्चार्जच्या दिवशी तुमची सुट्टी होती.

त्या रात्रीपर्यंत सगळं सुधारतच होतं. टाके सुकले होते, दादा स्वतःच्या हाताने जेवत होता, शुद्ध मोजणाऱ्या ग्लासगो स्केलवर १५ पैकी १५. घरी सोडायचं बोलणंही झालं होतं. वहिनी तुम्हाला एवढंच म्हणाली, "यांची डावी पापणी जड वाटतेय, आणि डोकं आज वेगळंच दुखतंय म्हणतात." गोळी देऊन झोपवलं असतं, तरी कुणी तुम्हाला बोल लावला नसता. तुम्ही टॉर्च आणलात, दोन्ही बाहुल्या पुन्हा पुन्हा पाहिल्यात. डावी मोठी होती. तुम्ही लगेच डॉक्टरांना फोन केलात आणि ते येईपर्यंत खाटेपासून हलला नाहीत.

सीटी स्कॅनमध्ये ताजं रक्त दिसलं, अँजिओग्राफीत त्याचं कारण. घाबरलेल्या आम्हाला बाकावर बसवून तुम्हीच समजावलंत: तुकड्याने धमनीची भिंत फाटली होती आणि साकळलेल्या रक्तानेच ते भोक बुजवून धरलं होतं. दिवस जातात तशी गुठळी विरघळते आणि तिथे स्वतःची भिंत नसलेला फुगा धरतो, स्यूडोअ‍ॅन्युरिझम. सुरुवातीच्या तपासणीत तो दिसेलच असं नाही. पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांनी, पेशंट बरा होत असतानाच फुटतो. दादाचा फुगा शेजारच्या, डोळ्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूवर दाबत होता, म्हणून पापणी उतरली. तो पूर्ण फुटायच्या आत डॉक्टरांनी कॉइल, म्हणजे बारीक तारेची गुंडाळी, भरून बंद केला.

वहिनीचं म्हणणं तुम्ही खरं मानलंत, याचं मोल मला सर्वांत जास्त वाटतं. शेजारी बसून राहणाऱ्या बाईला जे दिसतं ते चार्टवर येत नाही, आणि ते ऐकून घेणारं माणूस दर वॉर्डात भेटतंच असं नाही.

दादाची पापणी आता बरीच वर आली आहे. कॉइल नीट बसली आहे ना, हे पाहायला पुढच्या महिन्यात पुन्हा अँजिओग्राफी आहे. वहिनीला तुम्हाला भेटायचंच आहे. रात्रपाळी असली तर आम्ही रात्रीपर्यंत थांबू.

तुमचा,
पेशंटचा धाकटा भाऊ