काकूंना शाळेतला तो लिहून दे

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा शाळेतला मित्र गेला, त्याबद्दल फोनवर तू म्हणालास, "ग्रुपवर श्रद्धांजली लिहिली, तेराव्याला जाऊन आलो, आता करण्यासारखं काय उरलंय?" उरलंय. आणि ते तुम्हा वर्गमित्रांशिवाय कुणालाच जमणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

शाळा अकरा ते साडेपाच. वर्षाचे दोनशे दिवस धर, दिवसाचे सहा तास. दहा वर्षांत बारा हजार तास होतात. एवढा वेळ तो तुमच्यात होता, आणि त्या तासांतला आपला मुलगा त्याच्या आई-वडिलांनी, म्हणजे काका-काकूंनी, पाहिलेलाच नाही. त्यांच्या वाट्याला आलं ते प्रगतिपुस्तक, मळलेला शर्ट आणि रिकामा डबा. डबा कुणी खाल्ला, शर्ट कुठे मळला, हे तुम्हाला ठाऊक. ते त्यांना लिहून दे.

आधी एकटा बस. ग्रुप उघडू नकोस, जुने फोटोही काढू नकोस. साधी वही घे आणि आठवतील तशा वीस गोष्टी लिही, एकेक दोन-तीन ओळींची. क्रम लावू नकोस. चौघं एकत्र बसून आठवायला लागले की जो मोठ्याने बोलतो त्याची आठवण सगळ्यांची होऊन बसते, आणि एखाद्या भिडस्त मुलाकडची बारकी गोष्ट त्यात हरवते ती कायमची. म्हणून प्रत्येकाने आधी वेगळं लिहायचं. नंतर दोघांचं पटलं नाही तर दोन्ही राहू द्या.

अडलास तर जागा आठव. बाक कितवा, खिडकीकडचा की भिंतीकडचा? मोठ्या सुट्टीत नळावर पुढे कोण घुसायचं? शनिवारच्या सकाळच्या शाळेत कवायतीला तो कुठल्या रांगेत? चौथीच्या स्कॉलरशिपचे जादा तास सुटल्यावर येताना कुठे थांबायचात? जागा डोळ्यासमोर आली की माणूस मागोमाग येतो.

"मनमिळाऊ", "हसतमुख", "सगळ्यांच्या मदतीला धावणारा" हे शब्द खोडून टाक. खोटे आहेत म्हणून नव्हे, तर ते कुणालाही लागू पडतात आणि पेपरात रोज छापून येतात. "मदत करायचा" असं लिहावंसं वाटलं तर स्वतःला विचार, कुणाला, कधी, काय दिलं? मग असं काहीतरी हाती येईल: "भूमितीच्या पेपरला माझ्या कंपासाचा स्क्रू निघाला. त्याने आपलं वर्तुळ घाईने काढलं आणि स्वतःचा कंपास माझ्याकडे सरकवला. बाई बघतील म्हणून मान वर केली नाही." असं एक वाक्य काकू दहा वेळा वाचतील.

बाकीच्यांकडून मागताना "काहीतरी लिहा रे" असं ग्रुपवर टाकशील तर जोडलेले हात येतील, दुसरं काही नाही. एकेकाला वेगळा फोन कर आणि त्याच्यापुरता एकच प्रश्न विचार. जो सायकलवर बरोबर यायचा त्याला रस्त्याबद्दल, खो-खोच्या संघातल्याला मैदानाबद्दल. पंधरा दिवसांची मुदत दे, आठव्या दिवशी आठवण कर. लिहायला जमत नाही म्हणणाऱ्याला बोलू दे, त्याला सांगून रेकॉर्ड कर आणि त्याच्याच शब्दांत उतरव. भाषा सुधारायला जाऊ नकोस, तिथेच सगळं पुस्तकी होतं. निवृत्त झालेल्या बाईंकडे मात्र सगळ्यांच्या आधी आणि स्वतः जा.

काही गोष्टी गाळाव्याच लागतील. कुणा मुलीला दिलेली चिठ्ठी नको, तिचं आता घर आहे, संसार आहे. आजारपणावर एक ओळही नको, ते त्यांनी तुमच्यापेक्षा जवळून सोसलंय. छड्या खाल्लेल्या चालतील, काका हसतील. शाळेतलं टोपणनाव घरी माहीत नसेल तर आधी त्याच्या बहिणीला विचार. छापण्यापूर्वी सगळं तिलाच एकदा वाचायला दे.

छपाईत लोक चुकतात ते अक्षरात. 16 पॉइंटपेक्षा लहान घेऊ नकोस, काकांचा चष्मा जाड आहे. डावीकडे सव्वा इंच समास सोड, नाहीतर ओळींची सुरुवात बांधणीत जाते. प्रिंट लेझरचीच काढ. इंकजेटची शाई पाणी लागलं की पसरते, आणि या पानांवर थेंब पडणारच आहेत. स्पायरलचे प्लॅस्टिकचे दाते मोडतात, बाइंडरकडून कापडी बांधणी करून घे. ज्यांनी हाताने लिहून दिलं त्यांची मूळ पानं शेवटी तशीच लाव.

तीन प्रती काढ. एक काका-काकूंना, एक वहिनींना, आणि तिसरी चिमुरडीची म्हणून वेगळी ठेव. ती आज चार वर्षांची आहे. बाबांचं फारसं काही तिच्या लक्षात राहणार नाही रे. पंधराव्या वर्षी तिला एकटीला वाचून कळेल असं लिहा. "गॅदरिंगला पेटी वाजवली" एवढ्यावर सोडू नका. कुठलं गाणं, पेटी कुणाची, कुठे चुकला, पुढे काय झालं, सगळं लिहा.

आता फोनचं. त्याचे व्हॉइस मेसेज आजच उतरवून दोन ठिकाणी ठेव, नवा फोन घेताना बॅकअप राहिला की ते गेलेच. सलग 90 दिवस वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, व्हॉट्सॲपचं खातंही साधारण 120 दिवसांनी काढून टाकतात. पुढे तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि मग आपल्या फोनमध्ये त्याच्या नावापुढे कुणा तिऱ्हाइताचा चेहरा दिसतो. काकूंना तो धक्का बसायला नको. त्याचा डीपी आधीच काढून त्यांना छापून दे. बँकेची कामं होईपर्यंत वहिनींनी नंबर रिचार्ज करत राहावं, ओटीपी तिथेच येतात. एटीएममधून मात्र त्याचे पैसे काढू नयेत. आणि त्याचं पासबुक एकदा नीट बघायला सांग. मेअखेरीच्या सुमाराला 436 रुपये वजा झालेले असतील तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेचा 2 लाखांचा विमा आहे, दावा त्याच बँकेत करायचा. पुष्कळ घरांना हे ठाऊकच नसतं.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, नंतर एकदम रिकामं होतं. तू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जा, एकटा. निघताना "येतो" म्हणू नकोस. दिवाळीत त्यांच्याकडे तळण होणार नाही, फराळ तू ने, पण शुभेच्छा देऊ नकोस. वर्षश्राद्ध तिथीने येतं, तारीख पुढेमागे होते, म्हणून नवं कालनिर्णय आलं की लगेच खूण करून ठेव. त्याच्या वाढदिवसाला फोन करायचा. त्या दिवशी फोन करावा की नको म्हणून सगळे घुटमळतात आणि काकूंचा फोन दिवसभर वाजत नाही.

तुमच्या सातवीच्या सहलीचा फोटो मी कपाटातून काढून ठेवलाय. तो फ्रेमच्या काचेला चिकटलाय, ओढून काढू नकोस, वरचा थर सुटून येईल. काचेसकट 600 डीपीआयला स्कॅन करून घे. मागच्या पुठ्ठ्यावर रांगेने नावं लिहिलीत, दुसऱ्या रांगेतली दोन पुसट झालीत. तेवढी बघून भर, पेन्सिलीने.

तुझी,
आई