ताई, तुमच्या त्या 'रन'साठी थँक्यू

ताई, कधीपासून लिहायचं होतं, आज सगळ्यांसमोरच लिहितेय.

इंग्लंडला नर्स म्हणून आले तेव्हा परीक्षा पास होऊनच आले होते, पण वॉर्डात हँडओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंट्सची माहिती पुढच्या नर्सला देणं, सुरू झाला की रन हा एकच शब्द इतक्यांदा कानावर पडायचा की डोकं गरगरायचं. पेशंट टेम्परेचर रन करतोय म्हणजे ताप आहे, सलाईन आठ तास रन करायचं म्हणजे तेवढ्या वेळात संपेल असं सोडायचं, डॉक्टरांना रन पास्ट करायचं म्हणजे आधी त्यांच्या कानावर घालायचं, ग्लोव्हज रनिंग आउट, क्लिनिक रनिंग लेट, डायबेटिस रन्स इन द फॅमिली... आणि ते आजोबा खाली मान घालून म्हणाले, आय हॅव गॉट द रन्स, तेव्हा शेजारच्या बेडपासून तुम्ही हळूच सांगितलंत, अगं जुलाब होतायत त्यांना, स्टूल चार्ट, म्हणजे शौचाची नोंद, सुरू कर.

मी लिस्ट करून पाठ करायला बसले होते. तुम्ही म्हणालात ठेव ती वही, आधी मला 'लागणे' म्हणजे काय ते सांग. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागतो, दूध खाली लागतं, आंबा गोड लागतो, जिना चढून धाप लागते. मला एका शब्दात सांगताच येईना! तुम्ही म्हणालात, हे आपण कधी पाठ केलं का, सोबतचा शब्द ऐकूनच कळतं ना, मग इथेही आधी काय रन होतंय ते ऐक. नाक असेल तर वाहतंय, वॉर्ड असेल तर कुणीतरी चालवतंय, पुढे आउट आलं की संपतंय. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला रन करतो आणि इथे ब्रिटनमध्ये स्टँड, म्हणजे आपल्यासारखा उभाच राहतो, हेही तुमच्याकडूनच कळलं आणि मला फार आवडलं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या 1989 च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद सेटची होती, पुढे रनने त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ, आणि ती नोंद करणाऱ्या संपादकाचे नऊ महिने त्यात गेले, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा खरंच खूप धीर आला.

नाईटला मिळणारा तेवढाच ब्रेक, तोही तुम्ही मला शिकवण्यात घालवायचात आणि तुमचा डबा कितीदा तसाच राहायचा, ते मला दिसत होतं ताई. त्या सगळ्यासाठी मनापासून थँक्यू.

तुमची,
वॉर्डातली धाकटी