संशोधन समन्वयकांची सामायिक फळी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत चालणाऱ्या औषधचाचण्यांविषयी लिहिताना डॉक्टर, औषध कंपनी आणि रुग्ण यांच्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. चाचणीचा रोजचा गाडा मात्र अभ्यास समन्वयक, म्हणजे रुग्णालयात ज्याला सगळे कोऑर्डिनेटर म्हणतात तो, ओढत असतो. संमतीपत्रातला मजकूर रुग्णाला व नातेवाइकांना त्यांच्या बोलीत समजावण्यास डॉक्टरांना मदत करणे, फेरतपासणीची तारीख फोनवरून कळवणे, रक्ताचा नमुना ठरल्या वेळेत सेंट्रिफ्यूजमधून (नमुना वेगाने फिरवून त्यातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रातून) काढून उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवणे आणि प्रत्येक नोंदीखाली तारखेसह सही करणे, ही कामे बहुतेक विभागांत एकाच व्यक्तीवर असतात. तिची नेमणूकही प्रकल्पाच्या निधीवर आणि मुदतीची असते.

ही व्यक्ती बाळंतपणाच्या रजेवर गेली किंवा बरी नोकरी मिळून निघून गेली, की नवी जाहिरात, मुलाखती आणि मंजुरी यांत महिने जातात. रुग्णांच्या तारखा तोवर थांबत नाहीत. सहाव्या आठवड्यात व्हायची तपासणी दहाव्या आठवड्यात करून चालत नाही. ती नोंद कायमची हुकते आणि एसटीने येऊन, मजुरी बुडवून रुग्णाने दिलेले सहकार्य वाया जाते. 2019 च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनुसार गंभीर दुष्परिणामाची माहिती मुख्य संशोधकाने 24 तासांत कळवायची असते. कागदपत्रे जमवणारे माणूसच जागेवर नसेल, तर वॉर्ड सांभाळणाऱ्या डॉक्टरने ती कशी जुळवावी?

कंपन्यांच्या चाचण्यांना ही अडचण कमी भासते, कारण साइट मॅनेजमेंट संस्था पैसे घेऊन समन्वयक पुरवतात. क्षयरोग, सर्पदंश, सिकलसेल अशा विषयांवर महाविद्यालयातील अध्यापक स्वतः जे संशोधन उभे करतात, त्याला तो खर्च पेलत नाही. आणि आपल्या राज्याला तर याच संशोधनाची निकड अधिक आहे.

इंग्लंडमध्ये सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या संशोधन जाळ्यातील परिचारिका व समन्वयकांना गरजेनुसार एका अभ्यासातून दुसऱ्यात हलवता येते. मार्च 2020 मध्ये तेथे सुरू झालेल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधामुळे व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात, हे जूनमध्येच दाखवून दिले. संशोधनाची तयार माणसे रुग्णालयांत आधीपासून होती, म्हणूनच हा वेग साधला. या निष्कर्षाचा लाभ आपल्याकडील रुग्णांनाही झाला.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने वैद्यकीय शिक्षण विभागाच्या साहाय्याने अशी एक फळी उभारावी, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. तीत समन्वयक, संशोधन परिचारिका व माहिती नोंदणारे असावेत. मागणी येताच त्यांना काही आठवडे वा महिने संबंधित महाविद्यालयात पाठवावे. बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी काम देता येत नाही, हे खरे आहे. त्याचे जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे चाचण्या कशा कराव्यात याचे मान्य निकष) प्रशिक्षण झालेले असावे लागते, त्या अभ्यासाचा प्रोटोकॉल, म्हणजे लेखी आराखडा, समजून घ्यावा लागतो, मुख्य संशोधकाच्या सहीने डेलिगेशन लॉगमध्ये, म्हणजे कोणाला कोणते काम सोपवले याच्या नोंदवहीत, नाव चढावे लागते. प्रशिक्षण, कागदपत्रांची पडताळणी आणि गोपनीयतेचा करार या गोष्टी विद्यापीठाने आधीच करून ठेवल्या, तर उरलेली तयारी थोडक्यात आटोपेल. नंदुरबार किंवा गडचिरोलीला माणूस पाठवताना तेथील बोली येणाराच निवडावा; त्याशिवाय संमतीला अर्थ उरत नाही.

एका गोष्टीत मात्र तडजोड नसावी. या कर्मचाऱ्यांची नेमणुकीची जागा बदलती असली, तरी नोकरी कायम असावी आणि पगार दरमहा वेळेवर व्हावा. तसेच फळी आहे म्हणून महाविद्यालयांतील मंजूर पदे रिकामी ठेवण्याची मुभा कोणालाही मिळू नये. खर्चाचा काही भाग कंपन्यांच्या चाचण्यांतून संस्थांना मिळणाऱ्या शुल्कातून उभा करता येईल. सुरुवात पुणे विभागातील सरकारी महाविद्यालयांपासून करावी आणि वर्षभरात किती फेरतपासण्या हुकल्या, किती वाचल्या, याचा हिशेब जाहीर करावा.

— एक अभ्यास समन्वयक, पुणे