बाबांच्या लॅपटॉपवरचं ऑफिस नक्की कुणाचं?

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला फोटो नीट पाहिला. वर्डमध्ये ‘फाइल’ आणि मग ‘अकाउंट’ दाबल्यावर जे पान उघडलं, त्यावर ‘प्रोफेशनल प्लस 2019’ असं लिहिलंय. हे ऑफिस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा वर्ड-एक्सेलचा संच, घरगुती गिऱ्हाइकाला विकतच नाहीत. कंपन्या, कॉलेजं, सरकारी कार्यालयं घाऊक लायसन्स (वापरायचा परवाना) घेतात, त्यातलं हे. ‘लाइफटाइम आहे काका’ म्हणून ज्या दुकानदारानं तुमच्याकडून पैसे घेतले, त्याला ते विकायचा हक्कच नव्हता.

दर काही महिन्यांनी वर लाल पट्टी येते आणि टाइप करता येत नाही, त्याचं कारणही बहुधा हेच. अशा लायसन्सच्या एका प्रकारात कॉम्प्युटरला 180 दिवसांच्या आत त्या संस्थेच्या सर्व्हरकडे (मुख्य कॉम्प्युटरकडे) हजेरी लावावी लागते. आपल्या घरातून ती लागणार कुठून? मग दुकानदार येतो, कसलासा प्रोग्रॅम चालवतो, पैसे घेतो आणि अँटीव्हायरस बंद ठेवा म्हणून सांगून जातो. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण अँटीव्हायरस बंद ठेवण्याची मला खरंच भीती वाटते. पेन्शनचं खातं तुम्ही याच लॅपटॉपवर बघता. कृपा करून त्या दुकानदाराला लॅपटॉपला पुन्हा हात लावू देऊ नका. शिवाय ऑफिस 2019 ला 14 ऑक्टोबर 2025 नंतर सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, म्हणजे अस्सल असतं तरी ते बदलायलाच हवं होतं.

माझ्याकडे मायक्रोसॉफ्ट 365 फॅमिली आहे, म्हणजे वर्गणी भरून घेतलेलं ऑफिस. ते सहा जणांना चालतं आणि आमच्या घरात वापरणारे दोघंच. तुम्हाला ईमेलवर आमंत्रण पाठवते, ते तुमच्या स्वतःच्या खात्यानं स्वीकारा. माझा पासवर्ड वापरायचा नाही, प्रत्येकाचं खातं वेगळंच ठेवायचं असतं. तुम्हाला फायली ऑनलाइन ठेवायला स्वतंत्र 1 टीबी (सुमारे हजार जीबी) जागा मिळेल आणि तुमच्या फायली तुम्ही स्वतः दाखवल्याशिवाय मला दिसणार नाहीत. मृत्युपत्राचा मसुदा, शेताचे कागद, काहीही निर्धास्त ठेवा.

मात्र हे मी वर्गणी भरते तोवरच चालणार. उद्या माझं कार्ड बदललं आणि पैसे भरायचे राहिले, तर फायली उघडतील, छापताही येतील, पण त्यात बदल करता येणार नाही. ऑनलाइन जागाही फुकटच्या 5 जीबीवर येईल. म्हणून महत्त्वाच्या कागदांची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवाच, आणि तो कपाटात नेमका कुठे ठेवलाय ते आईला माहीत असू द्या.

आई, तुझं वेगळं. फॅमिली प्लॅन घरगुती वापरासाठी असतो, धंद्यासाठी नाही. तुझ्या फराळाच्या ऑर्डरी थोड्या असल्या तरी तू बिलं देतेस, पैसे घेतेस, म्हणजे तो धंदाच झाला, आणि मला त्याचं फार कौतुक आहे. तुझ्यासाठी लिब्रेऑफिस घालून देते, ऑफिससारखंच काम करणारा दुसरा संच. ते फुकट आहे, धंद्याला चालतं, कितीही कॉम्प्युटरवर टाकता येतं आणि त्याचे मेनू मराठीत करता येतात. तुझी चकली-करंजीच्या दरांची एक्सेल फाइल मी त्यात उघडून पाहिली. बेरजा बरोबर येताहेत, फक्त एका रकान्याची रुंदी बदलली होती, ती सारखी केली.

अँटीव्हायरस मात्र दोघांनाही हवाच. घेताना किती कॉम्प्युटरसाठी आणि किती दिवसांसाठी, एवढं बघायचं. पहिल्या वर्षी स्वस्त देतात आणि पुढच्या वर्षी पूर्ण किमतीला आपोआप पैसे कापून घेतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या 24 तास आधी बँकेचा मेसेज येतो. बाबा, तो जाहिरात समजून पुसू नका. नको असेल तर त्यातूनच थांबवता येतं.

शनिवारी रात्री निघते. आल्या आल्या ते जुनं ऑफिस काढून टाकू आणि लॅपटॉप पूर्ण तपासू. तोवर बँकेचं काम फोनवरून किंवा शाखेत जाऊन करा.

तुमची,
मनू