चिमुकलीची मान

प्रिय मित्रा,

तू फोनवर विचारलंस ना, की या वयात प्लास्टिकची बाहुली कसली जोडतोयस, तेव्हा नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितोय.

किटचं नाव रिशेट्टा, बांदाई या जपानी खेळणी कंपनीच्या 30 मिनिट्स सिस्टर्स सिरीजमधली, 2021 ला सुरू झालेली. उंची वीतभरही नाही रे. नावात तीस मिनिटं आहेत पण मला चार संध्याकाळी लागल्या आणि मला त्या अजून जास्त चालल्या असत्या. गोंद अजिबात लागत नाही, सगळं दाबून बसतं. लहानपणी विमान चिकटवताना तुझी बोटं एकमेकांना चिकटली होती ते आठवलं. याच कंपनीचा 1980 चा पहिला गनप्ला, म्हणजे गंडम रोबोचं प्लास्टिक मॉडेल, तोसुद्धा गोंदानेच जोडायचा होता, आता रंगही प्लास्टिकमध्येच असतो आणि डोळे चेहऱ्यावर आधीच छापलेले येतात.

एक चूक केली मी. निपरने, म्हणजे छोट्या कटरने, पार्ट त्याच्या प्लास्टिकच्या चौकटीतून एकदम चिकटून कापला आणि बाहुलीच्या हातावर पांढरा डाग उठला, जीव इतका हळहळला की बस. मग कळलं, आधी लांबून कापायचं, उरलेला कोंब दुसऱ्यांदा हळू कापायचा, मग पॉलिश पेपर. त्या डागावर नखाची पाठ घासत बसलो तर बराचसा गेला, आता दिव्याखाली धरलं तरच दिसतो.

पण खरी मजा शेवटच्या रात्री. सगळे सांधे हलत होते तरी उभी केली की खांबासारखी दिसायची. मग वजन एका पायावर टाकलं, कंबर किंचित वळवली, आणि मान अगदी दोनेक मिलिमीटर कलती केली, आणि अरे, ती माझ्याकडे बघायला लागली! तो क्षण मी तासभर टेबलावर बघत बसलो. पुढचे केस काढून हसरा चेहरा बसवला तेव्हा तर आईपण चहा टाकायचं सोडून बघायला आली.

मॅट टॉप कोट, म्हणजे चकाकी घालवणारा शेवटचा स्प्रे, अजून मारला नाहीये, इथे पुण्यात पाऊस लागलाय आणि दमट हवेत स्प्रे मारला तर थर पांढरट धुरकट पडतो, म्हणून दसऱ्यापर्यंत थांबणार. तेवढ्यात तू ये. दुसरं किट उघडलेलं नाही, तुझ्यासाठीच ठेवलंय, निपर दोन आहेत. पहिला चेहरा तू निवड.

तुझाच,
जुना बेंचवाला